घोट्यापर्यंतच्या निऱ्या

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आमच्या मैदानावर फक्कीचा वास येऊ लागतो. शिपाईमामा डालडाच्या जुन्या डब्याला खिळ्याने भोकं पाडतात आणि तो हलवत हलवत पांढऱ्या रेषा मारत फिरतात. रेषा पुऱ्या व्हायच्या आत पोरं त्यांच्यावरून धावून त्या पुसूनही टाकतात. सकाळच्या प्रार्थनेला पायाखालचं गवत दंवाने ओलं असतं, आणि दुपारी त्याच गवतावर बसवत नाही इतकं ऊन लागतं. तालुक्याच्या स्पर्धांचं पत्र आलेलं असतं. मी शिकवते विज्ञान, पण शाळेत बाई म्हणून मी एकटीच, त्यामुळे मुलींचे खेळ आपोआप माझ्या गळ्यात. मसुऱ्याच्या अलीकडची आमची ही शाळा लहान आहे. इथे कोणाला काय येतं यापेक्षा कोण मोकळं आहे हे आधी पाहतात.

एरवी हा मोसम मला आवडायला हरकत नव्हती. पण दरवर्षी त्यात एक प्रश्न ठरलेला असतो. मुली घोळक्याने येतात, एकमेकींना पुढे ढकलतात, आणि शेवटी कोणीतरी विचारते, "बाई, घट्ट घालू की सैल?"

यंदा विचारणारी प्रणाली होती. आठवीतली, काटकुळी, आणि पळायला लागली की बघणाऱ्याने तोंड मिटायचं विसरावं अशी. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून दोन पँट काढून माझ्या टेबलावर ठेवल्या.

"ही दादाची," ती म्हणाली. "ह्यात तीन प्रणाली मावतील. नाडी कितीपण आवळा, पायात येतेच. आणि ही आत्येन मुंबैसून धाडल्यान. अंगाक चिकटता, पण धावताना घातलंय असा वाटणाच नाय."

"मग अडचण काय?"

"आये म्हणता, सगळो गाव बघतलो."

मी म्हटलं, "तुला ज्यात बरं वाटेल ती घाल." हे उत्तर मी चार वर्षं देते आहे. दिसायला मोठं समजूतदार आहे, आणि त्यात माझं काहीच अडकत नाही. प्रणालीने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, दोन्ही पँट पिशवीत कोंबल्या आणि गेली. मुलांना टाळलेलं बरोबर कळतं.

गंमत म्हणजे याच गोष्टीवर मी नववीला अख्खा तास घेते. वाऱ्याचा विरोध. फळ्यावर धावणारा माणूस काढते, समोरून येणारे बाण काढते, सैल कपड्यात वारा कसा भरतो ते शिडाच्या होडीचं उदाहरण देऊन सांगते. किनाऱ्यावरची पोरं ती, त्यांना शीड नव्याने सांगावं लागत नाही. तास छान रंगतो. आणि खरोखरच्या एका मुलीने खरोखरच्या दोन पँट टेबलावर ठेवल्या की बाईंची बोलती बंद.

कारण मला या प्रश्नाचं उत्तर दोन हजार सालापासून माहीत आहे. ते मला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. मी ते माझ्या आईच्या पायावर शिकले.

आमचं घर तोंडवलीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. माझी आई मासे विकायची, अजूनही विकते. मी लहान असताना किनाऱ्यावर रापण लागली की अर्धा गाव दोराला असायचा. होडीने समुद्रात अर्धगोल सोडलेलं जाळं दोन्ही टोकांनी ओढत वाळूवर आणायचं, तासन् तास, मागे रेलत, टाचा रोवत. जाळं कडेला यायच्या बेताला बायका आपापल्या पाट्या घेऊन वर सुरूच्या झाडांखाली तयार राहायच्या. आमच्याकडची रीत अशी, की जिची पाटी जाळ्याच्या तोंडाशी पहिली टेकेल तिने मासळी पहिली निवडायची. मग दुसरीने, मग तिसरीने. त्यावर कोणी वाद घालत नसे. तांडेलाने, म्हणजे रापणीच्या म्होरक्याने, हात वर केला की सगळ्या सुटायच्या.

आणि पहिली पाटी माझ्या आईची टेकायची. एखाददुसरा दिवस सोडला तर नेहमीच. पाठीमागून कोणी दमत दमत विचारायचं, "कोणाची टेकली गो?" की बाकीच्या सांगायच्या, "रुक्मिणीची, आनी कोणाची!" त्यात थोडा राग असे आणि बरंच कौतुक असे. आमच्या घरी चांगला बांगडा, चांगली सुरमई कशी यायची याचं उत्तर आईच्या पायांत होतं.

त्या पायांना मोकळं ठेवायची तिची एक तऱ्हा होती. तोवर तिच्या वयाच्या बहुतेक बायका गोल साडी नेसू लागल्या होत्या. आई मात्र कामावर जाताना लुगडंच नेसायची, काष्टा मारून, गुडघ्याच्या जरा खाली येईल असं. मागचा काष्टा ओढून कमरेला खोचताना कापडाचा फट्कन आवाज व्हायचा. तो आवाज झाला की आम्हाला कळायचं, आई निघाली. "गोल नेसून माका चलाक जमणा नाय, धावतलंय काय?" असं ती म्हणायची. रापणीवर तर सैल कपड्याला मज्जावच होता. दोरात पदर अडकला की माणूस दोराबरोबर ओढला जातो. पाहुणी आलेली एखादी हौसेने दोराला हात घालायला गेली तर तांडेल लांबून ओरडायचा, "पदर खोव आधी, मगे दोर धर!"

हे सगळं मी पाहत मोठी झाले. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

अकरावीला मी मालवणला जाऊ लागले आणि माझे डोळे बदलले. तिथे मेधा नावाची मैत्रीण मिळाली. बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं. मी तिच्या घरी जायचे तेव्हा तिची आई बशीतून लाडू घेऊन यायची, आणि तिच्या साडीच्या निऱ्या इतक्या खाली, इतक्या चोपून बसलेल्या असायच्या की पाऊल दिसायचं नाही. ती चालताना आवाज यायचा नाही. मी ते बघत राहायचे. मग संध्याकाळी घरी यायचे तर आई घरापुढच्या खळ्यात बसलेली, पोटऱ्या उघड्या, काळ्या, टणक, त्यांना माशांची खवलं चिकटून सुकलेली. उन्हाची तिरीप पडली की ती चमकायची. आता ते आठवलं की मला त्यात काहीतरी फार देखणं दिसतं. तेव्हा मला एवढंच वाटायचं, की हिला पाय झाकायला काय होतं?

हे मी लिहिते आहे आणि लाज वाटते आहे. पण अजून खरी गोष्ट यायचीच आहे.

त्या वर्षी संक्रांतीनंतर गावच्या तरुण मंडळाने किनाऱ्यावर हळदीकुंकू ठेवलं. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, आणि शेवटी बायकांची धावण्याची शर्यत. वाळूत ओढून ठेवलेल्या मोठ्या होडीपासून सुरूच्या बनाजवळच्या लाल निशाणापर्यंत. आमच्या गावात असं पहिल्यांदाच होत होतं. आईला हे कळलं तेव्हा ती पाटी धुवत होती. ती आधी हसली, मग तिला ते पटेना.

"नुसता धावूचा? पाटयेशिवाय?"

"होय," मी म्हटलं.

"मगे मी उडतलंयच!"

त्यानंतरचे आठ दिवस मला लख्ख आठवतात. संध्याकाळी मासे विकून आली की ती पाटी पडवीत ठेवायची आणि ओहोटीच्या कडक ओल्या वाळूवर जाऊन एकटीच धावून यायची. अडतीस वर्षांची बाई, गालावर लाली घेऊन, धापा टाकत परत यायची. चूल पेटवताना तिचं स्वतःशीच काहीतरी गुणगुणणं चालायचं. उभा जन्म ती कशाच्या तरी मागे धावली होती, रापणीच्या, एसटीच्या, गिऱ्हाइकाच्या. उगाच धाव म्हणून तिला कोणी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

आणि मेधाने मला सांगितलं की तिला तोंडवलीचा किनारा बघायचाय, ती आणि आणखी दोघी त्याच दिवशी येणार आहेत.

मी आईला म्हटलं, "तू तसाच कासोटो मारून धावतलंस?"

"मगे कसा?"

"सगळी बघतली. मालवणसून बायका येतल्यो बक्षीस देवक. गोल नेस."

"गोल नेसून धावतत काय खुळ्या?"

"मग मी येवचंय नाय."

एवढंच बोलले. ओरडले नाही, रडले नाही. फक्त तिला लागेल इतकं थंडपणे म्हणाले. आईने चुलीतलं लाकूड जरा मागे ओढलं.

शर्यतीच्या दिवशी दुपारी तिने ट्रंकेतून लग्नाकार्याची चिक्कू रंगाची गोल साडी काढली आणि मला म्हणाली, "नेसव माका. तुका येता ना बरी."

मला खरंच बरी यायची. मेधाच्या आईची बघून बघून शिकले होते. मी गुडघ्यावर बसून आईच्या निऱ्या केल्या. एकसारख्या, चोपून, आणि घोटे पूर्ण झाकतील इतक्या खाली. वर मोठी पिन लावली.

"वायच वर घे गो," ती म्हणाली. "पायात येतली."

"अशीच नेसतत," मी म्हटलं.

ती आरशात बघायला वळली आणि त्या निऱ्यांत तिचं पाऊल तिथेच एकदा अडखळलं. आम्ही दोघींनी ते पाहिलं. मी तेव्हा दोन बोटं साडी वर घेतली असती तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मेधा आणि तिच्या मैत्रिणी आल्या. मी त्यांना घेऊन सुरूच्या बनात उभी राहिले, निशाणापासून थोडी मागे, खोडांच्या आडोशाला. इथे सावली आहे, मी म्हटलं. समुद्रावरून वारा सुटला होता. पलीकडे होडीजवळ पंधरा-सोळा बायका ओळीत हसत, एकमेकींना ढकलत उभ्या होत्या, आणि आईचा चिक्कू रंग मला त्यात बरोबर दिसत होता.

शिट्टी वाजली. आईने पहिल्या दोन पावलांतच ओळखलं असणार की हे असं जमायचं नाही. तिने उजव्या हाताने निऱ्या मुठीत धरून गुडघ्यापर्यंत उचलल्या आणि सुटली. काय सुटली! साडीत वारा भरत होता, पदर मागे फडफडत होता, एक हात साडीत अडकलेला, तरीही शेजारची शेवंता तिच्यापासून चार पावलं मागे होती. आईच्या पोटऱ्या उन्हात लख्ख दिसत होत्या. लोक ओरडत होते, "रुक्मिण! रुक्मिण!" मेधासुद्धा टाळ्या वाजवू लागली. आई जवळ येत होती. तिचं तोंड आमच्या बाजूला होतं.

आणि निशाण पंचवीस-तीस पावलांवर असताना तिच्या मुठीतल्या निऱ्या सुटल्या. त्या घोट्यांपर्यंत खाली आल्या, पुढच्याच पावलात तिच्या पायाखाली गेल्या, आणि आई तोंडावर पडली. पाय खाली वाकडा गेला. तिच्या अंगावरून, बाजूने, सगळ्या बायका पुढे निघून गेल्या.

लोक आधी हसले. पडलेल्या माणसाला लोक आधी हसतातच. मग शेवंताच मागे आली आणि तिने आईला काखेत हात घालून उठवलं.

मेधाने विचारलं, "अगं बाई! कोण गं ती?"

मी म्हटलं, "असेल गावातली कोणीतरी."

हे वाक्य माझ्या तोंडून अगदी सहज आलं. जरासुद्धा अडखळले नाही. मग मी त्या तिघींना देवळाकडच्या वाटेने एसटीवर सोडून आले, आणि दिवेलागणीला घरी गेले. आई पडवीत पाय लांब करून बसली होती. घोटा नारळाएवढा सुजला होता, त्यावर हळदीचा लेप होता. चिक्कू साडी दोरीवर वाळत होती, एका बाजूने फाटलेली.

"तू खंय हुतंस गो?" तिने विचारलं.

"मालवणात. जर्नल पूर्ण करूचा हुता. शर्यतीक येवक जमला नाय."

"बरा झाला," आई म्हणाली. "बघण्यासारखा काय नव्हता."

तो पाय सव्वा महिना धरून राहिला. चालायला लागली, पण धावायला गेली की घोटा दगा द्यायचा. रापणीवर शेवंताची पाटी पहिली टेकू लागली. आईची आधी तिसरी, मग पाचवी, मग कितवी ते कोणी विचारीनासं झालं. दुसऱ्यांनी निवडून उरलेली बारीक मासळी पाटीत घेऊन ती बाजारात जायची. पावसाळ्याआधी एक दिवस माझ्या लक्षात आलं की सकाळचा तो फट्कन आवाज येत नाही. आई गोल साडी नेसून निघाली होती. मी बघते आहे हे पाहून म्हणाली, "धावूचाच नाय, तर कासोटो कित्याक?"

मला हवं होतं तसं झालं होतं. तिचे पाय झाकले गेले होते.

पुढे मी शिकले, नोकरीला लागले. लग्न अजून केलेलं नाही, तो विषय आईसमोर काढू नये. रोज तोंडवलीहून शाळेत जाते. मेधाची आणि माझी गाठ आता वर्षावर्षात पडत नाही. माणूस ज्यांच्यासाठी एवढं करतो ते लोक किती पटकन नाहीसे होतात, याचं मला अजून नवल वाटतं. त्या दिवसाविषयी मी आईजवळ दहा वर्षं एक शब्द काढला नाही. आधी भीती वाटली, मग सवय झाली. तिला काही ठाऊक नाही, तर उगाच कशाला उकरा, अशी माझी मी समजूत घातली होती.

पण परवा प्रणालीची पिशवी काही डोक्यातून जाईना. घरी आले तर आई खळ्यात सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत होती. मीही समोर बसले, सुपातून मूठभर पुढे ओढली. बराच वेळ आम्ही डोकी आणि शेपट्या खुडत राहिलो. मग मी प्रणालीचं सांगितलं, दोन्ही पँटचं. आईला हसू आलं. आणि ते हसू बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "आये, तेवा मी मालवणात नव्हतंय. थंयच हुतंय. सुरूत."

आईचे हात थांबले नाहीत.

"ठाऊक आसा," ती म्हणाली.

"ठाऊक?"

"तुझी पिवळी ओढणी. लांबसून दिसता. आनी तुझ्या वांगडा ती मालवणची चेडवा."

माझ्या हातातली सुंगटं मी सुपात ठेवली.

"कधी दिसलंय मी? पडल्यावर?"

"पडल्यावर कशी दिसशीत? तोंड वाळूत हुता." ती पुन्हा हसली. "त्याच्या आदी. म्हणान तर निऱ्यो खाली सोडलंय मी. म्हटलंय, चेडू मैत्रिणींक घेवन इला, आनी आवस अशी पाय दाखयत धावता."

दहा वर्षं मी समजत होते की त्या निऱ्या तिच्या हातातून निसटल्या. माझी चूक म्हणजे साडी दोन बोटं खाली नेसवली, एवढीच मी मोजली होती. ती जिंकत होती. साडी, वारा, माझी पिन, सगळ्यांना पुरून उरली होती. तिला पाडलं ते माझ्या ओढणीने.

"मग हाक कित्याक मारूक नाय?" मी विचारलं. "पडलंस तेवा?"

आईने सुपातला एक काटा काढून बाजूला टाकला. "हाक मारली असती तर त्या चेडवांक कळला असता, पडली ती तुझी आवस म्हणान."

समोर समुद्राचा आवाज चालला होता, रोजच्यासारखा. मी मान खाली घालून बसले होते आणि माझी आसवं सुंगटांत पडत होती. आई जराशाने म्हणाली, "ओली करू नको गो ती. उन्हात घालून दोन दिस झाले." तिने सूप माझ्यासमोरून ओढून स्वतःकडे घेतलं. त्यातली मूठभर निवडून झाल्यावर तिने विचारलं,

"त्या शाळेतल्या चेडवाक मगे काय सांगलंस?"

"अजून काय नाय."

"घट घालूक सांग," आई म्हणाली. "आनी तू तिका दिसशीत अशी उभी रव."